पडद्यावर काहीच हलत नाही

एखाद्या जुन्या थिएटरात, रिळांवरचा दोन तासांचा चित्रपट तुम्ही कधी पाहिला असेल, तर त्यातला जवळपास एक तास तुम्ही निव्वळ काळोखाकडे बघत होता. त्या वेळात पडद्यावर काहीही नव्हतं. उरलेल्या तासात तुमच्यासमोर पावणेदोन लाखांच्या आसपास छायाचित्रं येऊन गेली आणि त्यांतलं एकही जागचं हललं नाही. तरीही घोडे दौडले, पाऊस पडला, नायिका वळून हसली. हे सगळं तुम्ही पाहिलंत, आणि पडद्यावर ते घडलंच नव्हतं.

मी सिनेमाचा हौशी प्रेक्षक आहे. जगभरचे जुने, चाकोरीबाहेरचे चित्रपट शोधून बघण्याचा मला नाद आहे. या नादातून हाती लागलेलं सर्वांत मोठं आश्चर्य मला हेच वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षांत काही थोड्या दिग्दर्शकांनी हे गुपित ओळखलं आणि थेट त्यावरच चित्रपट केले. त्यांच्याकडे वळण्याआधी प्रोजेक्टरच्या पोटात काय चालतं ते पाहू.

फिल्मची पट्टी प्रोजेक्टरमधून सलग वाहत जाते, असं आपण धरून चालतो. ती तशी जात नाही. भिंगासमोर आलेली प्रत्येक फ्रेम क्षणभर ठाम थांबते. मग फिरतं शटर प्रकाश अडवतं आणि तेवढ्या अंधारात एक दातेरी चक्र पट्टीला चार छिद्रं पुढे ओढतं. पुढची फ्रेम जागेवर येऊन थांबली, की शटर उघडतं. हे सेकंदाला २४ वेळा. मोटर तर अखंड फिरत असते. तिच्या फिरण्यातून ही थांब-चाल निर्माण करण्याचं काम बहुतेक प्रोजेक्टरांत माल्टीज क्रॉस नावाचा फुलीसारखा एक लहानसा भाग करतो. अंधार नसता, तर सरकणाऱ्या फ्रेमचा पडद्यावर नुसता फराटा उमटला असता. गंमत पुढे आहे. सेकंदाला २४ वेळा उघडझाप झाली तर डोळ्यांना लुकलुक जाणवते, म्हणून शटरला सहसा दोन पाती देतात आणि प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतात. लुकलुक घालवायला अंधार वाढवायचा, अशी ही युक्ती आहे. आजच्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये रीळ नाही आणि तसलं शटरही नाही. सेकंदाला २४ स्थिर चित्रं मात्र बहुतेक ठिकाणी कायम आहेत.

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेत पैसे घेऊन आपला पहिला जाहीर खेळ केला. तिथे आलेल्यांमध्ये जॉर्ज मेलिएस हा जादूगार होता. पुढे चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट करणारा तोच. त्याने लिहून ठेवलं आहे की, सुरुवातीला पडद्यावर एक स्थिर छायाचित्र आलं. असली चित्रं तो स्वतः कितीतरी वर्षं दाखवत आला होता, त्यामुळे त्याची निराशा झाली. एवढ्यात त्या चित्रातला घोडा चालू लागला, मागून गाड्या आल्या, माणसं आली. सिनेमाचं पहिलं आश्चर्य स्थिर चित्रातून गती उमटण्याचं होतं आणि ते लोकांना डोळ्यांदेखत दाखवलं गेलं. पुढच्या वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचे चित्रपट आले. नंतर सिनेमा गोष्टी सांगू लागला आणि या मूळ चमत्काराची आपल्याला सवय झाली.

शाळेत आपल्याला याचं कारण दृष्टिसातत्य असं शिकवलं गेलं: चित्र गेल्यावरही त्याचा ठसा डोळ्यावर क्षणभर राहतो, म्हणून चित्रं जुळतात. पण एवढ्याने भागत नाही. नुसते ठसेच रेंगाळत राहिले असते, तर एका चित्रावर दुसरं चढून गिचमीड झाली असती. घोडा चालला नसता; एकात एक अडकलेले डझनभर घोडे दिसले असते.

खरं उत्तर शोधण्याची वाट माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने दाखवली. १९१२ साली त्याने जर्मनीत केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग अगदी साधा होता. एका जागी एक रेघ क्षणभर दाखवायची, मग थोड्या अंतरावर दुसरी. दोन्हींमधला वेळ फार कमी ठेवला, तर दोन्ही रेघा एकदमच आल्यासारख्या वाटतात. फार जास्त ठेवला, तर आधी एक आणि मग दुसरी. पण मधलं अंतर साधारण ६० मिलिसेकंदांच्या आसपास आलं, की बघणाऱ्याला एकच रेघ इथून तिथे सरकताना दिसते. मधल्या जागेत काहीही नसतं. तिथला प्रवास मेंदू स्वतः रचतो आणि ‘पाहिला’ म्हणून आपल्या हवाली करतो.

गती ओळखण्याची ही शक्ती मेंदूत वेगळी असते, याचा पुरावा १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मिळतो. जर्मनीतल्या एका महिलेच्या मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली होती. तिला रंग दिसत, वस्तू ओळखता येत, वाचता येत असे. दिसत नव्हती ती फक्त हालचाल. कपात चहा ओतताना धार तिला गोठल्यासारखी दिसे. कप कधी भरत आला ते कळत नसे. रस्त्यावरची गाडी आत्ता लांब असे आणि पुढच्या क्षणी एकदम जवळ. मधलं येणं नाहीच. आपण दिवसभर ज्याला वाहतं जग म्हणतो, त्यातलं वाहणं पुरवण्याचं काम आपला मेंदू सतत करत असतो. सिनेमा याच कामावर विसंबून उभा आहे.

वेर्थायमरचा निबंध आला त्याच १९१२ साली, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या दोन माणसांनी हेच सत्य हाताने पारखून पाहिलं. पहिले आपले दादासाहेब फाळके. लंडनहून चित्रपटतंत्राची ओळख करून घेऊन आणि कॅमेरा विकत घेऊन ते परतले होते. भांडवल द्यायला माणसं तयार होईनात, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने, दिवसामागून दिवस त्याची चित्रं टिपली. त्यातून तयार झाला ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर कोंब माती फोडून वर आला, पानं फुटली, वेल चढला. दोन चित्रांमध्ये गेलेले तासचे तास त्या पट्टीवर कुठेच नव्हते, पण बघणाऱ्यांना वेल सलग वाढताना दिसला. प्रोजेक्टर दोन फ्रेमांमधला सेकंदाचा अंश गाळतो; फाळक्यांनी तास गाळून पाहिले. मेंदूने दोन्ही दऱ्या सारख्याच सहजतेने ओलांडल्या. पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय कथापटाच्या आधी भारतात एक वाटाणा उगवला, हे प्रत्येक मराठी चित्रपटरसिकाने अभिमानाने सांगावं.

दुसरा लादिस्लास स्तारेविच. लिथुआनियातल्या कौनास इथल्या निसर्गसंग्रहालयात तो काम करत असे. त्याला सांबरकिड्यांची झुंज चित्रित करायची होती, पण दिव्यांच्या प्रखर उजेडात ते किडे मलूल होऊन पडत. मग त्याने मेलेले किडे घेतले, त्यांना तारेचे पाय लावले आणि दर फ्रेमला किंचित हलवत झुंज उभी केली. पुढे मॉस्कोला जाऊन १९१२ साली त्याने याच पद्धतीने ‘कॅमेरामनचा सूड’ हा चित्रपट केला. त्यात बायकोला फसवणारा एक भुंगा आहे, नाचणारी चतुर आहे आणि भुंग्याच्या भानगडी कुलपाच्या छिद्रातून चित्रित करणारा नाकतोडा आहे. शेवटी सगळी मंडळी सिनेमा बघायला जातात आणि पडद्यावर नेमकं तेच चित्रण लागतं! पाठीवर ताण द्यावा, डोकं खाजवावं, रागाने पाय आपटावेत, हे सगळं ते किडे इतक्या जिवंतपणे करतात की, हे शिकवून तयार केलेले खरेखुरे कीटक आहेत, असा त्या काळी काहींचा समज झाला. निर्जीवाला जीव आणायला दोन फ्रेमांमधला फरक पुरतो, हे मला या चित्रपटाने शिकवलं.

१९२९ साली झिगा व्हर्टोव्हने हे गुपित उघड करूनच दाखवलं. ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ या त्याच्या मूकपटात नट नाहीत, सेट नाहीत, मध्ये येणाऱ्या लिखित पाट्याही नाहीत. मॉस्को, कीव्ह, खारकीव्ह, ओडेसा यांच्या तुकड्यांतून एक शहर उभं राहतं आणि त्याचा दिवस उलगडतो. मध्येच एक घोडागाडी भरधाव चाललेली दिसते, आणि घोडा हवेत असतानाच थिजतो. पाठोपाठ स्त्रियांचे, मुलांचे चेहरे स्थिर होतात. मग आपण थेट एडिटिंगच्या खोलीत येतो. तिथे व्हर्टोव्हची पत्नी आणि संकलक येलिझावेता स्विलोव्हा टेबलाशी बसून फिल्मच्या पट्ट्या हाताळते आहे. तिच्या हातातल्या पट्टीवर एका मुलाची फ्रेम दिसते, कात्री चालते, आणि पुढच्या क्षणी तेच मूल पूर्ण पडद्यावर खुदकन हसतं. जादूगार युक्ती सांगतो तेव्हा जादू संपते. इथे युक्ती कळूनही ते हसणारं मूल आधीपेक्षा विलक्षण वाटतं.

या वाटेवरचा माझा सर्वांत लाडका चित्रपट मात्र फ्रेंच आहे. क्रिस मार्करचा ‘ला जेते’, १९६२ सालचा, अवघा २८ मिनिटांचा. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालं आहे आणि उरलेली माणसं तळघरांत राहतात. लहानपणी ओर्ली विमानतळावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा विसरू न शकलेला एक कैदी आहे. ती आठवण इतकी पक्की आहे, म्हणून त्याच्यावर काळातून मागे पाठवण्याचे प्रयोग होतात. ही गोष्ट मार्करने जवळजवळ संपूर्णपणे स्थिर, काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांतून सांगितली आहे. सोबत निवेदकाचा आवाज, हृदयाचे ठोके, प्रयोग करणाऱ्यांची कुजबुज. एका छायाचित्रावर कॅमेरा किती वेळ थांबेल, दोन छायाचित्रं कट करून जोडायची की एकात एक विरघळवायची, एवढ्याच साधनांवर तो आपला श्वास रोखून धरतो.

उत्तरार्धात ती स्त्री झोपलेली दिसते. पहाटेच्या पाखरांचा किलबिलाट वाढत जातो. तिची छायाचित्रं एकात एक विरघळत राहतात, आणि मग, कुठलीही चाहूल न देता, ती डोळे उघडते. पापण्या लवतात. ती आपल्याकडे बघते. काही सेकंदांचं हे दृश्य या चित्रपटातलं एकमेव चलचित्र आहे. त्यासाठी मार्करने थोड्या वेळापुरता फिल्म कॅमेरा मागून आणला होता. दिवसाकाठी आपण हजारो हालचाली पडद्यांवर बघतो आणि एकही लक्षात ठेवत नाही. इथे एक पापणी लवते आणि अंगावर काटा येतो. हे दृश्य येणार हे ठाऊक असतानाही तो येतो, म्हणूनच इथे सांगितलं. शेवट सांगणार नाही. ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा १९९५ सालचा हॉलिवूडपट याच कथेवरून स्फुरला. त्यात पैसा आणि वेग भरपूर आहे, पण त्या पापणीची जागा तो भरू शकलेला नाही.

कॅनडाचा नॉर्मन मॅकलॅरन याहून पुढे गेला. त्याने कॅमेराच बाजूला ठेवला. ‘ब्लिंकिटी ब्लँक’ या १९५५ सालच्या लघुपटासाठी त्याने काळी फिल्म घेतली आणि तिच्यावर टोकदार हत्याराने थेट ओरखडे काढले. मुख्य म्हणजे त्याने मधल्या अनेक फ्रेम कोऱ्या, काळ्या सोडल्या. एखादी ठिणगी चमकते, अंधार होतो, मग दुसरीकडे एक पीस फडफडतं. मधलं उड्डाण आपलं आपण बघतो. संगीतातले काही ठोकेही त्याने फिल्मच्या ध्वनिपट्टीवर कोरून काढले आहेत. पाच मिनिटांच्या या रंगीत धुमाळीला कान महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

आणि इराणचे अब्बास किआरोस्तामी. त्यांच्या निधनानंतर, २०१७ साली आलेल्या ‘२४ फ्रेम्स’ची सुरुवात चित्रकार ब्रॉयगेलच्या बर्फातल्या शिकाऱ्यांच्या प्रसिद्ध चित्राने होते. चित्र तसंच राहतं; फक्त धुराड्यातून धूर निघू लागतो, बर्फ भुरभुरतो, कुत्रा हुंगत फिरतो. पुढे किआरोस्तामींची स्वतःची छायाचित्रं येतात. छायाचित्रकाराने बटण दाबलं त्याच्या आधी आणि नंतर तिथे काय घडलं असेल, हा त्यांचा प्रश्न आहे. प्रत्येकाला साडेचार मिनिटं. मेलिएसने ग्राँ कॅफेत जे पाहिलं तेच इथे सव्वाशे वर्षांनी, सावकाश, पुन्हा घडतं.

‘क्लासिक’ म्हटलं की अनेकांना ओझं वाटतं. हे चित्रपट अभ्यासकांसाठी आहेत, आधी खूप वाचलं पाहिजे, असा धाक बसतो. मला ते पटत नाही. यांतल्या एकाही चित्रपटाला पूर्वतयारी लागत नाही. डोळे आणि थोडा धीर पुरतो. उलट त्यांच्याइतका प्रेक्षकाला मान देणारा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही, कारण चित्रपट पूर्ण होतो तो बघणाऱ्याच्या मेंदूत, हे त्यांनी मनापासून मान्य केलं आहे. सिनेमात प्रेक्षक हा पहिल्या फ्रेमपासून कारागीर असतो.

तेव्हा एक विनंती. ‘कॅमेरामनचा सूड’, ‘ब्लिंकिटी ब्लँक’, ‘ला जेते’ आणि ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ हे चार चित्रपट या क्रमाने बघा. शक्यतो मोठ्या पडद्यावर, दिवे घालवून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. गावात फिल्म सोसायटी असेल, तर त्यांना लावायला सांगा. नसेल, तर चार मित्र जमवा आणि घरातल्या शाळकरी मुलांनाही बसवा. चारही मिळून दोन तासांच्या आत संपतात.