मामाचा ‘शुड’ आणि दाजींची जीप

इंग्रजीतल्या एका छोट्या शब्दानं पाथरीतल्या एका घराची झोप कशी उडवली, ते सांगतो. चूक माझीच होती.

माझ्या बहिणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन परभणीला झालं. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, “शुक्रवारपर्यंत घरी जातील, असं वाटतंय.” भाचा पाथरीत आठवीला आहे. त्याच्या इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून मी शहाणपणा केला आणि मोबाइलवर निरोप धाडला, ‘शी शुड बी होम बाय फ्रायडे.’

भाच्यानं शाळेत ‘यू शुड ओबे युवर पेरेंट्स’ घोकलेलं. शुड म्हणजे पाहिजे! त्यानं आजीला मोठ्यानं सांगितलं, “आईनं शुक्रवारपर्यंत घरी आलंच पाहिजे, असं मामानं कळवलंय.”

आजी घाबरली. “जखम वाळायच्या आतच काढून द्यायलेत का काय तिला?”

झालं! दाजी हातातलं काम टाकून मिळेल त्या जीपनं निघाले, ते मानवतमार्गे रात्री नऊला दवाखान्याच्या दारात हजर. (मला काय काय ऐकावं लागलं, ते इथं छापण्याजोगं नाही.)

पण भाचा अगदीच चुकला का? नाही. ‘शुड’ला दोन तोंडं आहेत. एक कर्तव्य सांगतं, दुसरं अंदाज : सगळं ठीक चाललं तर असं होईल. आपल्याकडंही तसंच आहे की! एसटी स्टँडवर कुणी म्हणतं, “परभणी गाडी एव्हाना यायला पाहिजे होती.” तो काही गाडीला हुकूम सोडत नसतो. वेळापत्रक बघून अंदाज करत असतो.

गंमत म्हणजे ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ याच क्रियापदाचं जुनं रूप. पूर्वी त्याचा अर्थ होता पाहिलं जातं, शोधलं जातं. ‘अपेक्षा’ या शब्दातही ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणं, हा संस्कृत धातू आहे. इंग्रजीतला ‘एक्स्पेक्ट’ लॅटिनमधून आला. तिथंही अर्थ बाहेर नजर लावून बसणं. आणि आपण गाडीची काय करतो? वाटच पाहतो! ‘शुड’चं घराणं मात्र सावकारी. तो ‘शॅल’चा जुना भूतकाळ, आणि ‘शॅल’चा फार पूर्वीचा अर्थ देणं लागणं. ‘ऑट’ हा शब्दही देणं लागण्यातूनच आलेला.

आता समजा, संध्याकाळी दारावर थाप पडली. ‘दॅट विल बी मामा’ म्हणालात, तर मामाच असणार, तुम्हाला खात्रीच आहे. ‘दॅट मस्ट बी मामा’ म्हणजे खोकल्याचा आवाज ओळखीचा आला, तेव्हा मामाच असला पाहिजे. आणि ‘दॅट शुड बी मामा’? मामा सातला येतो म्हणाला होता, सात वाजलेत. पण शेजारचे काकाही निघतील, सांगता येत नाही.

उद्याच्या अंदाजाला ‘मस्ट’ लावू नका बरं का. ‘इट मस्ट रेन टुमॉरो’ म्हणजे उद्या पाऊस पडेलसं वाटतं, असं नव्हे. ती ढगांना तंबी होते, पडलाच पाहिजे म्हणून! ‘शुड’चीही एक खोड आहे. अंदाज सांगताना तो सहसा हव्याशा गोष्टीलाच शोभतो. ‘द पेपर शुड बी इझी’ छान. पण पेपर अवघड निघण्याची धास्ती असेल आणि ‘द पेपर शुड बी डिफिकल्ट’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्हाला अवघडच हवाय.

शुक्रवारी बहिणीला थोडी कणकण आली. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं. शनिवारी दुपारी आम्ही तिला घेऊन पाथरीला पोचलो, तेव्हा भाचा वही घेऊन दारातच उभा. लिहिलं होतं, ‘शी शुड हॅव कम ऑन फ्रायडे.’ यायला हवी होती, पण आली नाही. अगदी बरोबर! मी शाबासकी दिली.

आजीनं विचारलं, “काय लिहिलं रे?” त्यानं अर्थ सांगितला.

“मग शनिवारी आली, ते पण लिही की!” आजी म्हणाली आणि भाकरतुकडा ओवाळायला आत गेली.