अडतीस बोथट तलवारींचा हिशेब

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1278 साली विंडसरच्या उद्यानात सरदारांच्या लढतीचा खेळ भरवला. त्या खेळासाठी अदिनेत नावाच्या शिंप्याच्या हस्ते जी खरेदी झाली, तिची यादी टॉवर ऑफ लंडनमधल्या जुन्या दप्तरांचे रक्षक सॅम्युएल लायसन्स यांनी ‘आर्किऑलॉजिया’ या नियतकालिकाच्या 1814 च्या खंडात छापली. मध्ययुगीन शस्त्रांवर लिहिणारे या यादीकडे पोशाखी थाटाचा नमुना म्हणून पाहतात. मला मात्र ती खेळातल्या सुरक्षिततेचा एक फार जुना आणि फार विचारपूर्वक केलेला दस्तऐवज वाटते, आणि तिच्याबद्दलचे माझे कुतूहल जुने आहे. खेळणारे 38. प्रत्येकाला कमावून कडक केलेल्या चामड्याचे चिलखत, एक लाकडी ढाल, चामड्याचेच शिरस्त्राण. मानकऱ्यांच्या शिरस्त्राणांना सोन्याचा मुलामा, बाकीच्यांच्या चांदीचा. आणि तलवारी 38, प्रत्येकी 7 पेन्स. पाती पोलादाची नाहीत. देवमाशाच्या तोंडात दातांच्या जागी ज्या चिवट, लवचीक पट्ट्या असतात, त्यांवर चर्मपत्र मढवून आणि वर चांदी चढवून ती बनवली होती. लांबून पाहणाऱ्याला ती पोलादाचीच वाटली असणार. अंगावर बसताना मात्र ती वाकत.

या यादीचे महत्त्व कळायला आणखी बावीस वर्षे मागे जावे लागते. 1256 च्या जूनमध्ये ब्लाइथ येथे हाच एडवर्ड पहिल्यांदा लढतीत उतरला, तेव्हा त्याला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. युवराजाचे पदार्पण म्हणून खबरदारी घेतली होती: अंगावर तागाचे कपडे, हातात हलकी शस्त्रे. सेंट ऑल्बन्सच्या मठातला इतिहासकार मॅथ्यू पॅरिस याने पुढचा प्रकार नोंदवून ठेवला आहे. माणसे घोड्यांवरून फेकली गेली, तुडवली गेली. विल्यम लाँगस्पी या सरदाराला इतका मार बसला की तो त्यातून कधीच सावरला नाही आणि पुढच्याच वर्षी वारला. शस्त्रे हलकी असूनही हे घडले. घात तलवारीच्या धारेने केला नाही. पडण्याने, गर्दीने आणि ‘आज काही होत नाही’ या भरवशाने केला. विंडसरची यादी ब्लाइथच्या आठवणीतून निघाली, असे सिद्ध करणारा कागद नाही. पण दोन्ही ठिकाणी मुख्य माणूस एकच आहे आणि विंडसरला नुसते शस्त्र बदललेले नाही. शस्त्र, ढाल, अंग आणि डोके या चौघांचा विचार एकत्र केलेला आहे.

मुलांच्या मध्ययुगीन पद्धतीच्या लढतींचे आजचे नियम वाचताना मला हाच फरक जाणवतो. अमेरिकेत बर्कली येथे 1966 साली ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ ही संस्था सुरू झाली. तिचे प्रौढ सदस्य वेताच्या जाड तलवारींनी लढतात. मुलांसाठी वेगळी व्यवस्था आहे: 6 ते 9, 10 ते 13 आणि 14 ते 17 असे तीन वयोगट, आणि आत दांडा व भोवती फोम अशी मऊ शस्त्रे. डॅगोरहिर, ॲम्टगार्ड यांसारख्या इतर संघटनांचाही सारा डोलारा फोमवरच उभा आहे. नियमांचा मोठा भाग फोम किती जाड, टोक किती रुंद, चिकटपट्टी कुठे, यात जातो. त्यातले काही नियम खरोखर उत्तम आहेत. डोळ्याच्या खोबणीचे तोंड साधारण चार सेंटिमीटर रुंद असते; म्हणून शस्त्राचे टोक ठरावीक मापाच्या कड्यातून आत जाऊ नये, ही चाचणी साधी, स्वस्त आणि बिनतोड आहे. खोक, खरचटणे, दात पडणे, काळेनिळे होणे या सगळ्यांवर फोम हा चांगलाच उपाय आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप पुढे सुरू होतो. फोम माराचा दाब मोठ्या जागेवर पसरवतो, म्हणून कातडी वाचते. पण वाराबरोबर आलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. 400 ग्रॅम वजनाची काठी सेकंदाला 10 मीटर वेगाने आली, तर तिच्यात 20 ज्यूल ऊर्जा असते. वजन दुप्पट केले तर 40, पण वेग दुप्पट केला तर 80. वेग मुलाच्या हातात आहे, आणि शस्त्र मऊ आहे हे कळलेला मुलगा हात आखडत नाही. डोक्यावर असा वार बसला की कवटी शाबूत राहते, तरी डोके झटक्याने फिरते आणि आतला मेंदू हिसका खातो. मेंदूला बसणारा हा हिसका टाळायला शिरस्त्राणही अपुरे पडते. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या सुमारे 90 टक्के झालेला असतो, पण त्याला पेलणारी मान अजून कोवळी असते. म्हणजे जिथे फोमचा उपयोग सगळ्यात कमी, नेमके तिथेच लहान मूल सगळ्यात दुबळे.

फोमचे आयुष्य हा दुसरा मुद्दा. या कामी वापरतात त्या फोममध्ये हवेचे बंद कप्पे असतात. शेकडो वार झाले की ते फुटतात आणि शस्त्र जुन्या गादीसारखे जागोजाग बसते. वरची चिकटपट्टी तशीच चकचकीत राहते, म्हणून ते दिसत नाही. थंडीत फोम कडक होतो. आतला पीव्हीसीचा दांडा उन्हाने आणि थंडीने ठिसूळ होतो आणि मोडला की त्याच्या कडा धारदार निघतात. हे ओळखण्यासाठी अनेक ठिकाणी तपासनीस शस्त्राचा एक फटका स्वतःच्या अंगावर मारून घेतो. ही प्रथा प्रामाणिक आहे, पण प्रौढाच्या मांडीवर सोसवलेला फटका सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याबद्दल काहीही सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल की इतकी मोजमापे लावली तर खेळच मरेल. जपानी केंदोकडे पाहिले की हे पटत नाही. बांबूच्या चार पट्ट्यांची शिनाई शाळकरी मुलेही वापरतात, आणि तिची मापे शाळेच्या टप्प्यानुसार ठरलेली आहेत: कनिष्ठ माध्यमिकला लांबी जास्तीत जास्त 114 सेंटिमीटर, वजन मुलांसाठी किमान 440 ग्रॅम आणि मुलींसाठी 400, वरच्या शाळेत 117 सेंटिमीटर, 480 आणि 420 ग्रॅम. खेळ मेला नाही. इथे वजनाला खालची मर्यादा आहे, वरची नाही, हे पाहून शंका येईल की हलके शस्त्र सुरक्षित नाही का. पण शिनाई हलकी करायची तर बांबू तासावा लागतो, तासलेला बांबू फुटतो आणि त्याची किरच मुखवट्याच्या जाळीतून आत जाऊ शकते. म्हणजे धोका कुठून येतो ते आधी पाहिले आणि मग माप ठरवले. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव्ह या सोव्हिएत खेळाडूचा मुखवटा प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या पात्याने भेदला आणि तो दगावला. त्यानंतर तलवारबाजीने पाती, मुखवटे आणि कपडे या सगळ्यांचेच निकष कडक केले. मुलांच्या खेळाला शहाणपण येण्यासाठी असा बळी जायची वाट पाहावी लागू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोजपट्टीपेक्षा अनुभवी माणसाची नजर मोठी. आपल्या तालमींत फरी-गदगा खेळताना वस्तादाचा शब्दच प्रमाण असतो, हे कोणी नाकारणार नाही. पण नजरेलाही अधिकार द्यावा लागतो. 1292 च्या सुमारास इंग्लंडमध्ये झालेला ‘स्टॅट्यूटा आर्मोरम’ हा कायदा याबाबत डोळे उघडणारा आहे. टोकदार तलवार, खंजीर, गदा यांना त्यात बंदी आहे. वापरायची ती रुंद, बोथट तलवारच. तेवढ्यावर तो थांबत नाही. सरदाराबरोबर तीनपेक्षा जास्त सेवक नकोत, बघ्यांनी शस्त्र आणू नये आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा कोणी करायची, हेही त्यात आहे. शस्त्राइतकाच मैदानाचा आणि भोवतालच्या माणसांचा बंदोबस्त केला होता.

त्यामुळे मुलांच्या लढतीचे निकष फोमच्या जाडीवरून हलवून वारावर आणावेत, असे मला वाटते. प्रत्येक शस्त्राचे कमाल वजन वयोगटानुसार ठरवून ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलता येते. त्यावर बनवल्याची तारीख लिहून एका हंगामानंतर फोम उतरवून दांडा पाहता येतो. पंचाने मुलाला जोर जास्त लावला म्हणून बाहेर काढले, तर पालकांना त्यावर वाद घालता येऊ नये. आणि 6 ते 9 च्या गटात डोके हे लक्ष्य पूर्णपणे वगळावे. डोक्यावरचा वार नसेल तर मुले पुढे प्रौढांच्या लढतीसाठी तयार होणार नाहीत, असा युक्तिवाद होईल. पण त्यांच्या हाती त्यासाठी पुढची आठ-नऊ वर्षे आहेत, आणि पायांची हालचाल, अंतराचा अंदाज व ढालीचा वापर शिकायला डोक्यावर मार खाण्याची गरज नसते.