मॉरिशसमधले चार दिवस

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला वर्षातून दोन प्रकारच्या सुट्ट्या येतात. पहिली मोठी, मायदेशाची. तीत लग्ने, मुंजी, दातांचे डॉक्टर, बँकेची अडलेली कामे आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांकडची मोजून-मापून समसमान जेवणे यांतच महिना सरतो. तिला विश्रांती म्हणणे धाडसाचेच. दुसरी सुट्टी छोटी, ईदला किंवा डिसेंबरच्या आरंभी अमिरातीच्या राष्ट्रीय दिनाला जोडून येणारी, चार-पाच दिवसांची. या दिवसांत माणसे बेटांकडे धाव घेतात. मालदीव, सेशेल्स, श्रीलंका, मॉरिशस ही नावे दुबईच्या मराठी घरांत आता महाबळेश्वर-माथेरानसारखी उच्चारली जातात.

आम्ही मॉरिशस निवडले त्याची कारणे अगदी साधी होती. विमानाने सहा-साडेसहा तासांचा प्रवास, आणि दुबईची व मॉरिशसची वेळ एकच, त्यामुळे घड्याळाचा काटासुद्धा हलवावा लागत नाही. बरोबर सासूबाई होत्या. वय वर्षे ७६, मुक्काम वडोदऱ्याचा दांडिया बाजार, हिवाळ्यापुरत्या आमच्याकडे आलेल्या. त्यांची अट एकच होती : "कुठेही न्या, पण मला पाण्यात उतरवू नका." मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा नऊचा, दोघांचाही जन्म दुबईचा. यजमानांचा नोकरीचा करार मार्चअखेर संपायचा होता आणि तो पुढे वाढणार की नाही, याविषयी वरिष्ठ अधिकारी काहीच बोलत नव्हते. सहलीचे पैसे आधीच भरलेले होते म्हणून निघालो इतकेच. मुलांना यातले काही सांगितलेले नव्हते.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आणि आमचे रिसॉर्ट पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाक गावाजवळ. मोटारीने तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये लाललाल फुललेले गुलमोहर, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला डिसेंबर हा उन्हाळ्याचा महिना. उसाच्या शेतांतून जागोजागी काळ्या दगडांचे प्रचंड ढीग उभे होते. मुलाला ते किल्ल्यांचे बुरूज वाटले. चालकाने सांगितले की, लागवडीसाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचून काढलेले हे दगड आहेत.

सासूबाई म्हणाल्या, "अगदी आपल्या सह्याद्रीचा दगड दिसतोय." त्या सहज बोलल्या, पण दख्खनच्या पठाराचा काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातल्या ज्या धगीतून वर आला, तीच धग पुढे, भूखंड सरकत गेल्यावर, समुद्रात मॉरिशसला जन्म देऊन गेली आणि आज शेजारच्या रीयुनियन बेटाखाली धुमसते आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. मॉरिशसचे वय त्या मानाने कोवळे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे. म्हणजे दोन्हीकडचा दगड एकाच चुलीवरचा!

रिसॉर्टचे वर्णन फार करीत नाही. उसाच्या पाचटाने शाकारलेली छपरे, नारळाची झाडे, पोहण्याचे दोन तलाव, मनगटावर अडकवलेला एक रंगीत पट्टा आणि त्या पट्ट्याच्या बळावर सकाळपासून रात्रीपर्यंत खाण्यापिण्याची मुभा. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्यावर लाटा फुटतात, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी तळ्यासारखे शांत राहते. त्यात उतरताना मात्र रबरी बूट हवेत. प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी समुद्री प्राणी पाय फाडतात. काचेच्या तळाच्या होडीतून मुलांनी मासे पाहिले. एका रात्री सेगा नृत्य झाले. हे नृत्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आपल्या दुःखातून घडवले. बकऱ्याच्या कातड्याचे 'रावान' हे वाद्य विस्तवावर शेकून मग वाजवतात. पाहुण्यांच्या ताटांच्या खणखणाटात ते ऐकताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे झाले, हे खरे.

असे रिसॉर्ट म्हणजे खरे पाहता कोणत्याही देशात नसलेली जागा. तेच नारळ, तीच फळे कापून मांडलेली, तेच हसू. दोन दिवस पट्टा बांधून बसलो असतो तर मालदीवहून आलो की मॉरिशसहून, हे छायाचित्रांवरूनही सांगता आले नसते. आम्ही त्या कुंपणाबाहेर पडलो ते सासूबाईंमुळे.

खोल्यांची साफसफाई करणारी पन्नाशीची एक बाई रोज सकाळी येई. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर रोमन अक्षरांत आडनाव होते. मुलाने ते फ्रेंच थाटात वाचून दाखवले. सासूबाईंनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर लावले, तेव्हा त्यातून आपल्याकडच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीतले एक पुरुषी नाव बाहेर पडले. मॉरिशसला गेलेल्या हिंदी मजुरांच्या बाबतीत असे सर्रास घडले आहे. कारकुनाने मजुराचे जे नाव कानाला ऐकू आले तसे वहीत लिहिले आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. सासूबाईंनी सरळ विचारले, "तुम्ही मराठी का हो?" बाई हातातली चादर तशीच धरून उभी राहिली. मग अडखळत म्हणाली, "व्हय आजी, आमी मराठीच."

तिचे मराठी तिच्या आजीकडून आलेले, कोकणी वळणाचे, पन्नास-साठ शब्दांत फिरणारे. घरी सगळे क्रिओल बोलतात. वाक्य अडले की ती क्रिओलचा आधार घेई, आणि मग हातवारे. परंतु एका गोष्टीने आम्ही थक्क झालो. तिला देवनागरी वाचता-लिहिता उत्तम येत होते. तिथल्या शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तर मराठीचे पदवी शिक्षणही मिळते. आमच्या मुलीची गत नेमकी उलटी. ती घडाघडा मराठी बोलते, आजीशी भांडतेही मराठीतच. पण अक्षरे लावताना तिला घाम फुटतो, कारण दुबईतल्या शाळेत मराठी नव्हते आणि घरी शिकवायचे रोज उद्यावर गेले. दोघींनी मिळून एक पूर्ण मराठी माणूस होत होता. त्या बाईने आम्हाला पाहण्याजोग्या जागांची यादी हॉटेलच्या कागदावर देवनागरीत लिहून दिली, आणि मुलीने ती बोट ठेवून, 'क्ष'ला अडत, 'ज्ञ'ला थांबत वाचून काढली. मग तिला तिथल्या नोटांवरही, इंग्रजी आणि तमिळबरोबर, देवनागरी अक्षरे सापडली. त्या दिवसापासून खरेदीचे पैसे तीच मोजू लागली.

यादीत पहिली गोष्ट होती, "रविवारी समुद्रावर जावा." समुद्र तर दारातच होता! अर्थ रविवारी कळला. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेखालची वाळू ही सर्वांची आहे. रिसॉर्टने खुर्च्या मांडल्या तरी ती त्याच्या मालकीची होत नाही. आम्ही पाण्याच्या कडेकडेने चालत सार्वजनिक किनाऱ्यावर पोहोचलो. सुरूच्या झाडांचे बन अगदी कोकणातल्यासारखे. सावलीत कुटुंबेच्या कुटुंबे पातेली घेऊन बसलेली, म्हातारी माणसे पत्ते खेळताहेत, तरुण ढोलकी बडवताहेत, लग्नघरासारखा गलबला. गाडीवर ढोलपुरी मिळत होती. वाटाण्याच्या डाळीचे पुरण, पण गुळाशिवाय, आणि ते भरलेली मऊ पातळ पोळी. सोबत पावट्याचा रस्सा, टोमॅटोची चटणी आणि लोणचे. दोन दिवस फळांवर आणि पावावर काढलेल्या सासूबाईंनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "पुरणात गूळ घालायचा राहिलाय, पण हात आपलाच आहे." तांत्रिकदृष्ट्या हात बिहारचा असावा, कारण तिथल्या हिंदी मजुरांत भोजपुरी लोकच अधिक. पण आम्ही मध्ये बोललो नाही.

यादीतली दुसरी जागा, राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट. इंग्रजांनी गुलामगिरी कायद्याने बंद केल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून 'अ‍ॅटलास' जहाज ३६ मजूर घेऊन येथे लागले. तिथून १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर उतरली; बहुतेक कलकत्त्याहून, बरीचशी मद्रासहून, आणि थोडी मुंबई बंदरातून. या थोड्यांत कोकणातली माणसे होती. जागतिक वारसा म्हणून २००६ साली मान्यता मिळालेल्या या जागेत आज उरले आहे ते थोडेच : काळ्या दगडाच्या भिंती, काही खोल्या आणि सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेला मजूर या पायऱ्या चढून आत येई.

आत करारांची माहिती मांडली आहे. पाच वर्षांचा करार, पुरुषाला दरमहा ५ रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पुढच्या काळात करार संपलेल्या मजुराने छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगायचा, तो नसेल तर अटक. सुरुवातीला परतीचा प्रवास फुकट होता, नंतर ती सोय काढून घेतली गेली. बहुसंख्य माणसे परत गेलीच नाहीत. मुलाने विचारले, "बाबा, हा परवाना म्हणजे तुमच्या आयडी कार्डासारखा का?" यजमान म्हणाले, "साधारण तसाच." आम्हाला ते उत्तर आवडले नाही. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याने स्वतःची तुलना त्या माणसांशी करणे म्हणजे त्यांच्या कष्टांची थट्टा आहे. दुबईत उन्हात इमारती बांधणाऱ्यांनी ती केली तर शोभेल. आमच्या करारात परतीचे तिकीट लिहिलेले आहे.

सासूबाई मात्र पायऱ्यांपाशी वेगळाच हिशेब करीत होत्या. यजमानांचे पणजोबा रत्नागिरीकडचे, सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा संस्थानात कारकुनीला आले. "लिहिता-वाचता येत होतं म्हणून बडोद्याला आले," त्या म्हणाल्या, "नसतं आलं, तर कुणी सांगावं, याच पायऱ्या चढले असते. आणि ही आपली खोली झाडणारी कदाचित माझी नणंद असती." मुलगी एकदम म्हणाली, "पण ते लोक इथले तरी झाले. आपण दुबईचे नाही ना होऊ शकत?" अमिरातीत जन्मलेल्या परकीय मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही, हे तिला शाळेतल्या मैत्रिणींमुळे केव्हाच ठाऊक झालेले होते. करार संपत असल्याचेही तिने दारामागून ऐकले होते. पंधरा दिवस आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. यजमानांनी तिथल्याच दगडावर बसून दोन्ही मुलांना सारे सांगितले : मार्चनंतर कदाचित वडोदरा. मुलगा म्हणाला, "मग माझी सायकल?" मुलगी काही बोलली नाही.

शेवटच्या संध्याकाळी त्या बाईने आपल्या गावच्या देवळात नेले. तिथे तिची मोठी बहीण आणि चार-पाच शेजारणी जमल्या होत्या. या बेटावर सार्वजनिक गणेशपूजा १८९६ पासून चालत आली आहे आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. त्या सणाला घरोघरी मूर्ती बसते, झाकरी नाचतात (आपल्या कोकणातली जाखडी ती हीच), आणि समुद्रात विसर्जन होते. त्यांनी वहीत पाहून आरती म्हटली. चाल आमच्यापेक्षा संथ, 'ळ'चा उच्चार जवळजवळ 'ल'. सासूबाईंनी पहिल्या कडव्यापर्यंत आपला वेग धरून पाहिला, मग मुकाट्याने त्यांच्या चालीत मिसळल्या. नंतर लिचीने लगडलेल्या झाडाखाली चहा झाला. बाईने विचारले, "तिकडं मराठी शाळा हाय?" तिकडं म्हणजे वडोदऱ्यात. सासूबाईंनी सांगितले की आहेत, पण मुले इंग्रजी शाळेत जातात. बाईने मान हलवली. इथेही आता मराठी वर्गात मुले कमी बसतात, ती म्हणाली.

परतीच्या विमानात सासूबाईंनी यजमानांना सांगितले की, घराच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला तीन महिने आधी कळवायचे ठरलेले आहे, तेव्हा मार्चला जागा हवी असेल तर पत्र याच महिन्यात गेले पाहिजे. दुबईला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी यजमानांनी पत्र लिहिले. पत्ता मुलीने घातला, देवनागरीत. 'बाजार'मधला 'ज' तिला दोनदा खोडावा लागला.