कर्णधाराची जबाबदारी

मुलांनो, मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत कबड्डीत अत्यंत निपुण असा एक विद्यार्थी होता. एकदा त्याच्या व त्याच्या सोबत्याच्या हातून प्रयोगशाळेतील एक उपकरण मोडले. सोबत्याला मी दंड केला. परंतु आंतरशालेय सामने दोन दिवसांवर आले होते, म्हणून त्या खेळाडूला मी एका शब्दानेही विचारले नाही. सामना आम्ही जिंकलो. पण त्या विजयाची आठवण झाली, की माझ्या मनाला अजून टोचणी लागते. गुणी खेळाडूला आपण सारेच झुकते माप देतो. त्यात त्याचे खरे हित असते काय? २०१८ साली घडलेली एक घटना या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला होता. संघाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ हा तेव्हा कसोटी फलंदाजांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर होता. केपटाउन येथील कसोटी सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, २४ मार्च रोजी, कॅमेरॉन बँक्रॉफ्ट हा तरुण खेळाडू चेंडूवर काहीतरी घाशीत असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले. पंचांनी विचारताच त्याने खिशातून चष्म्याचे कापड काढून दाखविले. खरी वस्तू त्याने आधीच विजारीत लपविली होती. तो काचपेपरचा तुकडा होता.

हा खटाटोप कशासाठी? चेंडूची एक बाजू गुळगुळीत राहिली व दुसरी खरखरीत झाली, म्हणजे तो हवेत अनपेक्षितपणे वळतो आणि फलंदाजाला चकवितो. चेंडू आपल्या कपड्यावर घासून चकचकीत ठेवण्याची मोकळीक नियमांत आहे; मात्र बाहेरची वस्तू वापरून तो खरवडणे ही फसवणूक होय.

त्याच सायंकाळी स्मिथ व बँक्रॉफ्ट यांनी गुन्हा कबूल केला. परंतु ती कबुलीही पुरी खरी नव्हती. वापरलेली वस्तू चिकटपट्टी होती, असे त्यांनी सांगितले. पुढे चौकशीत सत्य बाहेर आले. ही युक्ती उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर याची होती. स्मिथने स्वतः चेंडूला काचपेपर लावला नव्हता. मग त्याचा दोष कोणता? बेत कानांवर आला असूनही त्याने तो थांबविला नाही, आणि नंतर लोकांची दिशाभूल केली. कर्णधाराचे मौन हेदेखील एक कृत्यच असते.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने स्मिथला एका कसोटीची बंदी व सामन्याचे सर्व मानधन एवढीच शिक्षा केली. एवढा थोर फलंदाज गमावणे कोणत्याही संघाला परवडणारे नसते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने स्मिथ व वॉर्नर यांना एक वर्ष आणि बँक्रॉफ्टला नऊ महिने खेळण्यास बंदी केली. मायदेशी परतल्यावर सिडनीच्या विमानतळावर, वडील पाठीशी उभे असताना, स्मिथने सर्व जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. बोलता बोलता त्याला रडू कोसळले. शिक्षेविरुद्ध दाद मागण्याचा त्याला अधिकार होता. तो त्याने वापरला नाही. त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने शिक्षा कमी करण्याची विनंती केली, तेव्हा मंडळाने ती अमान्य केली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मंडळाने नेमलेल्या स्वतंत्र समीक्षेत, काहीही करून जिंकण्याची वृत्ती वाढीस लावल्याचा दोष खुद्द मंडळावरही ठेवण्यात आला. मंडळाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. खेळाडू चुकतो, तेव्हा त्याला तसे वळण लावणारी वडील माणसे निर्दोष असतातच असे नाही.

बंदी संपल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये स्मिथ इंग्लंडमधील एजबॅस्टन येथे पहिला कसोटी सामना खेळला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. काहींनी काचपेपरचे तुकडे फडकविले. ते सारे मुकाट्याने सोशीत त्याने दोन्ही डावांत शतके काढली, १४४ व १४२. त्या मालिकेत त्याच्या ७७४ धावा झाल्या. परंतु धावांनी बॅटीचे कौशल्य सिद्ध होते. गमावलेला विश्वास तेवढ्याने परत येत नाही. पुन्हा एका कसोटीत संघाचे नेतृत्व करण्याची संधी मिळण्यास त्याला डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली.

मुलांनो, शिक्षा म्हणजे सूड नव्हे. ‘तूही इतरांसारखाच उत्तरदायी आहेस’ असे सांगणे हा त्या खेळाडूचा मानच असतो. आमच्या शाळेतील त्या मुलाला मी तो मान नाकारला. त्याला जवळ बोलावून ‘उपकरण कसे मोडले?’ एवढे जरी मी विचारले असते, तरी एका सामन्यापेक्षा मोठे असे काही त्याच्या पदरी पडले असते.