प्लुटोनियम : ट्रॉम्बेत तयार झालेला धातू

ओळख : अणुक्रमांक ९४. ताजा कापला की चांदीसारखा चकाकतो, हवा लागताच काळवंडतो. निसर्गात युरेनियमच्या खनिजात केवळ लेशमात्र सापडतो. वापरात असलेले जवळपास सगळे प्लुटोनियम मानवनिर्मित आहे.

शोध : अमेरिकेतील बर्कली येथे ग्लेन सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी सायक्लोट्रॉनमध्ये युरेनियमवर ड्यूटेरॉनचा मारा केला. फेब्रुवारी १९४१ मध्ये नव्या मूलद्रव्याची रासायनिक ओळख पटली. प्लुटो ग्रहावरून (आता बटुग्रह) त्याचे नाव ठेवले.

घडण : अणुभट्टीत युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषून युरेनियम-२३९ होते. त्याचे नेपच्युनियम आणि काही दिवसांत प्लुटोनियम-२३९ बनते.

महाराष्ट्रात : मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे १९६० मध्ये ‘सायरस’ अणुभट्टी सुरू झाली. तिचे वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळे काढणारा प्रकल्प होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. किरणोत्सर्गामुळे हे काम जाड काँक्रीटच्या भिंतींआडून करावे लागते. २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले.

उपयोग : १९७४ च्या पोखरण चाचणीत ‘सायरस’मधील प्लुटोनियम वापरले गेले. कल्पाक्कमच्या प्रायोगिक फास्ट ब्रीडर अणुभट्टीचे प्लुटोनियमयुक्त इंधनही ट्रॉम्बेतच तयार झाले.

जपणूक : श्वासावाटे शरीरात गेल्यास ते फुप्फुस, हाडे आणि यकृताला घातक ठरते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. म्हणून त्याची जबाबदारी पुढच्या शेकडो पिढ्यांवर राहणार आहे.