प्रश्नात ती मुलगी हवी

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला रोज ऐकू येतं, "मॅडम, अमुक रोगावर काही आहे का?" परवा ग्रामीण रुग्णालयातून एक इंटर्न आला. आठ वर्षांच्या मुलीला विंचू चावला होता. ती बरी होऊन घरी गेली, पण पुढच्या वेळी अँटीव्हेनम द्यायचं की नाही, हे त्याला शोधायचं होतं.

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसूचीवर त्याने 'स्कॉर्पियन बाइट' टाइप केलं. मराठीत विंचू चावतो. पण मारतो तो नांगी, म्हणून इंग्रजी लेखांत शब्द येतो 'स्टिंग'.

मी कोरा कागद घेऊन चार चौकटी आखल्या: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, फायदा कशावरून मोजायचा. पहिलीत त्याने लिहिलं, 'विंचूदंशाचा रुग्ण'. मी विचारलं, कोणता विंचू? वय काय? नुसता ठणका, की घाम सुटून हातपाय गार पडलेत? मग लिहिलं गेलं: लाल विंचू, लहान मूल, घाम, हातपाय गार. उपचार: प्राझोसिन आणि अँटीव्हेनम. तुलना: नुसतं प्राझोसिन. विषाने आकसलेल्या रक्तवाहिन्या हे औषध सैल करतं. चौथ्या चौकटीत 'रक्तदाब' होतं. म्हटलं, "तिची आई काय विचारत होती?" त्याने खोडून लिहिलं, 'किती तासांत बरी होईल'.

मग शोधाच्या ओळीत एकाच अर्थाचे शब्द 'ऑर'ने जोडले, चौकटी 'अँड'ने. हाती आलेले दोन लेख शेजारी ठेवले. 1999चा 'लॅन्सेट'मधला, ट्युनिशियाचा: 825 रुग्ण, अँटीव्हेनमचा फायदा नाही. 2011चा 'बीएमजे'मधला, आपल्या महाडचा, डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा: प्राझोसिनसोबत अँटीव्हेनम मिळालेल्या 35 पैकी 32 जणांची लक्षणं दहा तासांत ओसरली; नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8 जणांची.

"मग खरं कोणाचं?" तो गोंधळला. मी पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. ट्युनिशियात विंचू वेगळे, रुग्ण दहा वर्षांवरचे, आणि विष किती भिनलंय हे न बघता औषध दिलेलं. महाडमध्ये लाल विंचू, लहान मुलंही होती, आणि सगळ्यांमध्ये लक्षणं उमटलेली. मात्र महाडचे रुग्ण 70च, आणि कोणाला कोणतं औषध चाललंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं; हेही त्याला कागदावर टिपायला लावलं.

औषध काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. प्रश्नातून ती मुलगी निसटू नये, हे बघणं माझं काम.