यंत्राने कापावे, हाताने ओवावे

१४ एप्रिल जवळ आली की वस्तीत पहिली चौकशी होते ती पताकांची. किती लागतील, कागद कोण आणणार, खळ कोणाच्या घरी शिजणार? विहाराच्या ओट्यावर मुले कागदाच्या घड्या घालतात, मोठ्या मुली कात्री चालवतात आणि आयाबाया सुतळीवर पताका ओवतात. एकट्या पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तर इथे बाबासाहेबांची जाहीर जयंती १९२८ पासून साजरी होत आली आहे. त्या उत्सवाची शोभा अशा अनेक हातांनी वाढवली आहे.

मध्यंतरी प्लास्टिकच्या तयार माळा आल्या आणि हे हात थांबले. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचे थर्माकोल यांवर देशभर बंदी आली. म्हणजे कागदाकडे परतणे आले. आता मदतीला एक नवे यंत्रही आहे.

यंत्र काम कसे करते?

नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजाराच्या गावी रेडियमच्या दुकानात गाडीवरची नावे कापणारे यंत्र आपण पाहिलेच असेल. त्याला कटिंग प्लॉटर म्हणतात. त्याचीच लहान, घरगुती जातही मिळते. संगणकावर काढलेल्या आकृतीप्रमाणे यंत्रातले बारीक पाते डावीकडे-उजवीकडे फिरते आणि रूळ कागद पुढे-मागे नेतो. घरगुती यंत्रात कागद एका चिकट पटावर बसवावा लागतो. पतंगाचा पातळ कागद पटावरून काढताना फाटतो, म्हणून थोडा जाड रंगीत कागद घ्यावा. कापून झाल्यावर कागद ओढू नये. पट उलटा करून पटच हळूहळू सोडवावा, म्हणजे पताका गुंडाळत नाही. प्रत्येक नव्या कागदावर आधी एक लहान चौकोन कापून पाहावा. त्यावरून पाते किती खोल लागते ते समजते.

हिशेब करून पाहा

यंत्र आले म्हणजे सगळे काम झटपट होईल, हा मात्र भ्रम आहे. १४ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच पताका धरा. वरचे २ सेंटिमीटर सुतळीवर दुमडायला जातील. दोन पताकांत ६ सेंटिमीटर अंतर ठेवले तर एका मीटरला ५, म्हणजे १०० मीटरच्या गल्लीला ५०० पताका लागतात. ए-४ मापाच्या एका कागदात दोन पताका बसतात. कागद झाले २५०. एका कागदाला बसवण्या-काढण्यासह दोनच मिनिटे धरली, तरी आठ तासांवर वेळ जातो. तेच पतंगाच्या कागदाची आठ पदरी घडी घातली तर ६३ वेळा कात्री चालवून काम संपते, आणि चार मुली बसल्या तर त्याला फारसा वेळ लागत नाही.

तेव्हा साधी पताका कात्रीनेच कापावी. यंत्राला काम द्यावे ते नाजूक जाळीचे, जे कात्रीने साधत नाही. दर २० पताकांमागे एक नक्षीची पताका ठेवली तर सबंध गल्लीला २५ पुरतात. एवढ्या तर रेडियमवाल्याकडूनही कापून घेता येतील. यंत्र विकत घेण्याची घाई नको.

अक्षरांची अडचण

अक्षरे कापताना मराठीला शिरोरेघेचा मोठा आधार आहे. सारा शब्द एका रेघेला लोंबतो, त्यामुळे एकसंध निघतो. त्यासाठी संगणकावर अक्षरे आधी एकमेकांत जोडून घ्यावी लागतात, नाहीतर यंत्र प्रत्येक अक्षर वेगळे कापते. पण 'भ'च्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. म्हणून 'जयभीम' कापायला जावे तर 'जय' आणि 'भीम' असे दोन तुकडे हाती येतात! त्यावर उपाय सोपा आहे. शब्दाच्या वर एक आडवी पट्टी काढून दोन्ही भाग तिला जोडावेत. 'आंबेडकर' मधला अनुस्वारही असाच गळून पडतो. त्यालाही बारीक दांडी द्यावी.

नक्षी आपल्याच डोंगरातली

नक्षी शोधायला दूर जायला नको. मानमोडीच्या डोंगरातील लेण्यांच्या दर्शनी भागावर नालाच्या आकाराची चैत्यकमान कोरलेली आहे. तुळजा लेण्यात स्तूपाभोवती बारा खांबांचे गोल चैत्यगृह आहे. मुलांना एकदा तिकडे न्यावे, वहीत कमान काढू द्यावी आणि तीच आकृती यंत्राला द्यावी. दुकानदाराच्या संगणकातली कसलीही वेलबुट्टी घेण्यापेक्षा हे चांगले.

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत दाते म्हणून केवळ धनवान दिसत नाहीत. तिथे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले आहे. कष्टकऱ्यांनी एकत्र येऊन काही उभारण्याची रीत या डोंगरांना नवी नाही. शिवाय हातकागदासाठीही जुन्नर पूर्वी प्रसिद्ध होते.

पंचशील ध्वजाच्या रंगांची माळ करायची असेल तर क्रम चुकू देऊ नये. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी असा तो आहे. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला.

शेवटी एक विनंती

वस्तीत संगणक शिकलेली एखादी मुलगी असतेच. आकृतीचे काम तिच्याकडे द्यावे आणि कामाचा मोबदलाही द्यावा. आपली पोर म्हणून फुकट राबवू नये. उद्या लग्नकार्याच्या पताकांतून तिला चार पैसे मिळू लागतील.

आणि ओवायला मात्र सगळ्यांनी बसावे. आजी सुतळी धरते, नात पताका दुमडते आणि बोलता बोलता आजीच्या तोंडून जुन्या जयंत्यांच्या आठवणी निघतात. त्या ऐकायला मिळाव्यात म्हणून तरी ती संध्याकाळ राखून ठेवावी. जयंती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हातांनी माळा उतरवाव्यात. ज्या कागदावर बाबासाहेबांचे नाव आहे, तो गटारात भिजत पडू नये. नीट गुंडाळून पेटीत ठेवला तर तो वैशाख पौर्णिमेलाही उपयोगी पडेल.